डोळ्याचा पहारेकरी

सोमवार, ४

आज डॉक्टरीणबाईंनी तो शब्द सरळ तोंडावर म्हणून टाकला. तिरळेपणा. आमच्या घरात त्याला 'डोळा दमतो' असं म्हणतात, आणि इतकी वर्षं आमचं त्यावर छान भागत होतं. बाईंना भागवून घ्यायची सवय दिसत नाही. "तिरळेपणा आहे, ऑपरेशन करावं लागेल," हे त्या अशा सुरात म्हणाल्या की जणू पडदा खिडकीपेक्षा लांब झालाय आणि खालून जरा दुमडून घ्यायचाय.

भिंगरी तेव्हा त्यांच्या फिरत्या खुर्चीत गरागरा फिरत होती. माझ्या मुलीला हे नाव उगाच पडलेलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला फिरती खुर्ची द्यायची आणि वर 'हलू नकोस' म्हणायचं, ही दवाखान्यांची जुनी खोड. सकाळी तिला झोपेतून उठवून नेलं होतं, त्यामुळे उजवा डोळा पार बाहेर, कानाशी गप्पा मारायला गेलेला. बाईंनी त्याच्यासमोर काचेचे त्रिकोणी तुकडे धरले, आधी लहान मग मोठे, आणि एक आकडा लिहून घेतला.

"डोळ्याचा स्नायू किती सरकवायचा ते या मापावर ठरतं," त्या म्हणाल्या. "मी दोनदा मोजते. दोन्ही मापं जुळली तरच हात लावते. पुढच्या सोमवारी परत आणा. ऑपरेशन एकोणीसला."

"आणि थांबलो तर? मोठी झाल्यावर करू म्हटलं तर?"

"तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देईल. आत्ताच अर्धवट ऐकतोय. मग दोन डोळे असून नजर एकाच डोळ्याची. पायरी किती खाली आहे, चेंडू किती जवळ आलाय, काही कळायचं नाही तिला."

बायको म्हणाली, "घरी दूध पेल्याच्या बाजूला ओतते ती."

"ते माझ्यावर गेलंय," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. बायको पोस्टात खिडकीवर बसते. तिथे दिवसभर लोकांचे विनोद ऐकून तिचं कातडं जाड झालंय, पण बाईंनी तरी हसायला हरकत नव्हती.

मंगळवार, ५

आज स्टुडिओत दिवसभर पासपोर्ट फोटो. एका गृहस्थांना तीन हनुवट्या होत्या, जाताना एकच घेऊन गेले आणि खूश होऊन गेले. हेच माझं काम. नाक वाकडं असेल तर दिवा इकडून, कान पुढे आलेले असतील तर मान तिकडे, आणि एवढं करून काही उरलंच तर संगणक आहे. गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा नको असतो. तो त्याच्याकडे घरी आहेच.

भिंगरीच्या बाबतीत दिव्याची गरज पडत नाही. ती दोन वर्षांची होती तेव्हाच मी तिला खेळ शिकवला. तिच्या डोळ्यात एक पहारेकरी राहतो. त्याला डुलकी लागते. मी 'हजर!' म्हटलं की तो खाडकन उठतो, टाच टाचेला लावतो आणि डोळा नाकाच्या रेषेत. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई, कोणालाच नाही. एवढीशी पोर, पण काय ताबा आहे! मोठमोठ्यांना कॅमेऱ्यासमोर साधा हात कुठे ठेवायचा ते कळत नाही.

हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलं. सांगायचं म्हणजे, तसं सांगण्यासारखं काही नाहीच.

गुरुवार, ७

ताईचा फोन. ताई माझ्यापेक्षा मोठी, आणि ते मोठेपण तिने एक दिवसही खाली ठेवलेलं नाही.

"डोळ्याला सुरी? तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे?"

"डॉक्टर सांगतायत."

"डॉक्टर सांगणारच! शिंपी काय म्हणणार, कपडे शिवू नका? आणि मी पाहिलंय ना तिला, चांगली सरळ बघते पोर. तुझ्याकडच्या सगळ्या फोटोंत बघ की."

खरं लिहायचं तर बरं वाटलं. बायकोला फोनचं सांगितलं तर ती म्हणाली, "ताईंना म्हणावं, एकदा संध्याकाळी सात वाजता या, न सांगता."

भिंगरीचं डोकं पुन्हा दुखलं. शाळेत आरडाओरडा फार असतो. घरी आली की हल्ली ती भिंतीकडे तोंड करून बसते, आमच्याकडे पाठ. तशीच बसून बाहुलीशी बोलते, तशीच बिस्किट खाते. हाक मारली की आधी क्षणभर थांबते आणि मगच वळते. हट्टीपणा आईचा.

रविवार, १०

बायकोने भुलीच्या मास्कची रंगीत तालीम घेतली. दवाखान्यातून एक जुना मास्क मागून आणलाय. आधी बाहुलीला लावला, मग मला. मी फुग्यासारखे गाल करून धाडकन गादीवर पडलो. भिंगरीला ते इतकं आवडलं की मला चारपाच वेळा मरावं लागलं. शेवटी तिने स्वतःला लावला, लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "वास मोज्यासारखा आहे."

तेवढ्यात मला वाटलं, थांबवावं हे सगळं. आत्ता, इथेच. मास्कमध्ये तिचा चेहरा केवढासा दिसतो! मी आत जाऊन उगाच कपाट आवरलं.

संध्याकाळी बायको बाहेर गेल्यावर आम्ही पहारेकऱ्याचा खेळ खेळलो. आज तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मी मनात म्हटलं, सवयीने सुधारत असेल तर चाकू कशाला? प्रत्येक वेळी एक गोड गोळी दिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. खोलीत उकडत होतं.

सोमवार, ११

आकडा निम्म्यावर आला!

मी एक शब्दही बोललो नाही, शप्पथ. बाईंनी दिवा लावला, भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि डोळा सरळ. काचेचे मोठे तुकडे लागलेच नाहीत. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी मात्र कपाळाला अशी आठी घातली की जणू कोणी त्यांच्या ताटातलं उचललं.

"आठवड्यात एवढा फरक पडत नाही," त्या म्हणाल्या.

"सुधारत असेल."

"असं आपोआप सुधारत असतं तर माझा दवाखाना कधीच बंद पडला असता. यातलं एक माप खोटं आहे. लहान मापावर ऑपरेशन केलं तर डोळा पुन्हा बाहेर जाणार. मोठ्यावर केलं आणि तेच चुकीचं निघालं, तर आत वळून बसणार." मग त्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "शुक्रवारी आणा, शाळा सुटल्यावर, दमलेली असताना. आणि लहानपणापासूनचे फोटो आणा. डोळा बाहेर गेलेला दिसेल असे. शुक्रवारी जमलं नाही तर एकोणीस तारीख मी सोडून देते. पुढची लवकर मिळणार नाही, आणि तिच्याकडे तेवढा वेळ आहे असं मला वाटत नाही."

"फोटोंची काळजीच नको," बायको म्हणाली. "यांचा धंदाच आहे तो."

रस्त्यात मी सुधारणेचा विषय काढला तर बायको म्हणाली, "शुक्रवारी बघू." ही 'बघू' म्हणाली की पोस्टात लोक रांग सोडून घरी जातात.

मंगळवार, १२

सकाळपासून स्टुडिओच्या संगणकासमोर. भिंगरी रांगताना, भिंगरी टबात, भिंगरी पहिल्या दप्तरासह. हजारो फोटो. बहुतेकांत मान किंचित डावीकडे, किंवा डोळे मिटून हसतेय, किंवा झुलपं उजव्या डोळ्यावर. आणि उरलेल्यात पहारेकरी हजर. काही ठिकाणी मी संगणकावर बुबुळ उचलून मध्ये बसवलंय. काम इतकं सफाईदार की आज माझं मलाच ओळखता येईना, कुठला डोळा तिचा आणि कुठला मी बसवलेला.

डोळा बाहेर गेलेला एकही फोटो नाही. एकही.

दुपारी बायको आली. माझ्या मागे उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"पुरे," ती म्हणाली. "बंद कर ते."

"अजून एक डबाभर जुने आहेत."

"त्यात तरी असतील का?"

मी म्हणालो, धंद्याची सवय असते, हात आपोआप चालतो. ती म्हणाली, "हात तुझा आपोआप चालतो. डोळा तिचा कसा आपोआप चालतो?"

यावर तीच निघून गेली, हे एका अर्थी बरं झालं.

गुरुवार, १४

भिंगरी पडली.

स्टुडिओत गल्ल्याच्या भागातून कॅमेऱ्याच्या भागात उतरायला एक पायरी आहे. एकच, तीही बुटकी. तिथे आत्तापर्यंत कोणी पडलं नव्हतं. भिंगरी गल्ल्याजवळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक बाई आल्या, 'कुठाय तुमची छोटी?' म्हणाल्या. मी सवयीने म्हटलं, "भिंगरी! हजर!" ती उठली, डोळा सरळ केला, धावत आली आणि पायरीशी तिचा पाय हवेतच पडला. हनुवटी आपटली. रक्त थोडं, आवाज मोठा. डोळ्याला काही नाही. मी तीनतीनदा पाहिलं, डोळ्याला काहीच नाही.

त्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, पायरी दिसली नाही का बाळा?"

भिंगरी हुंदके देत म्हणाली, "मी समोर बघत होते ना!"

सुताराला सांगितलंय, पायरी काढून उतार करून टाक. फरशीही गुळगुळीत आहे. मूळ दोष फरशीचाच.

बायकोने हनुवटीला पट्टी लावली. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि काम फारसं नव्हतं.

शुक्रवार, १५

सगळं क्रमाने लिहितो.

रिकाम्या हाताने गेलो. बाईंनी फोटो मागितले, बायको म्हणाली, "नाहीत." बाईंनी माझ्या धंद्याचं नाव लिहिलेल्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. भिंगरीला खुर्चीत बसवलं. दिवा लावला. पाठ ताठ, डोळा सरळ. शाळेतून दमून आलेली, हनुवटी सुजलेली, ओठ पांढरे पडलेले, पण डोळा काही हलेना. मला पहिल्यांदाच त्याचं कौतुक वाटलं नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "एका डोळ्यावर पट्टी लावून तासभर बसवू. दोन डोळ्यांची जोडी तोडली की ओढून धरता येत नाही. मग खरं माप कळतं."

पट्टी बघताच भिंगरी किंचाळली. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून बसली. "नको! पहारेकरी पडेल!"

"कोण पडेल?" बाईंनी विचारलं.

"पहारेकरी. डोळ्यातला. बाबा 'हजर' म्हणाला की तो उठतो. मग बाबा गोळी देतो. आता तर न म्हणतासुद्धा उठतो," हे शेवटचं तिने रडता रडता जरा अभिमानाने सांगितलं. "पट्टी लावली तर त्याला कळणारच नाही, उठायचं कधी."

मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होतो. शेवटची ओळ मला लागली नाही.

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर परवडलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी सांगून ती ऐकायची नाही. पहारा तुम्ही बसवलाय, तुम्हीच उठवा."

मी तिच्यासमोर खाली बसलो. गिऱ्हाइकाला हसवायचे माझ्याकडे शंभर प्रकार आहेत, त्यातला एकही आठवेना.

"भिंगरे, पहारेकऱ्याला आज सुट्टी."

"का?"

"दमलाय तो."

"पगारी?" पोस्टातल्या बाईची मुलगी.

"पगारी. झोपू दे त्याला. मी काही म्हणणार नाही."

"रागावणार नाहीस?"

"नाही."

"आणि डोळा तिकडे गेला तर?"

"जाऊ दे."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "तर मग तू बघू नकोस. तू तिकडे भिंतीकडे तोंड कर."

मी केलं. बाईंनी पट्टी लावली. बाहेरच्या बाकावर बायकोने तिला मांडीवर घेतलं आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. मागे ती बाहुलीशी बोलत होती, बायको गोष्ट सांगत होती, मध्येच दोघी हसल्या. काय झालं ते मला कळलं नाही. वळून विचारायची सोय नव्हती. समोर भिंत, तिच्यावर पोपडे. असं बसायला किती कंटाळा येतो! आणि पाठीमागचं सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं सारखं वाटत राहतं.

तासाने आत नेलं. बाईंनी पट्टी काढता काढताच दुसरा डोळा झाकला, दोघांची भेटच होऊ दिली नाही. काचेचे तुकडे एकावर एक धरले. मी भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होतो. पहिल्या दिवसाचा आकडा गेला, त्याच्याही पुढे गेला. परत मोजला. तोच. आणखी एकदा दूरच्या दिव्याकडे बघायला लावून मोजला. तोच.

"हे खरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच जरा सैल झाला. "मंगळवारी करतोय आपण. याच मापावर."

भिंगरीने विचारलं, "आता बाबा वळला तर चालेल?"

"तू सांग."

"वळ."

मी वळलो. ती खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसली होती, खांदे सैल, ओठ थोडे उघडे. डावा डोळा माझ्याकडे आणि उजवा पार लांब, खिडकीच्याही पलीकडे. मी पाहत राहिलो. तोंडात एक शब्द आला होता, तो तसाच गिळला. तिच्या चेहऱ्यावर कुठेही ताण नव्हता. इतकी निवांत मी तिला झोपेतच पाहिली होती.

रविवार, १७

भिंगरी एकदा शिंकली. एकदाच. सर्दी झाली तर भूल देत नाहीत, त्यामुळे घर जागच्या जागी गोठलं. बायकोने तापमापक काढला, मी खिडक्या लावल्या, ताईने फोनवरून वाफ सांगितली. (ताई आता ऑपरेशनच्या बाजूने आहे. गेल्या आठवड्यात ती विरुद्ध होती हे तिला मान्य नाही.) ताप नाही. नाक कोरडं. नंतर कळलं, तिने बाहुलीला पावडर लावली होती आणि डबा तोंडावर पालथा झाला होता.

आम्ही दोघं तिच्या नाकाकडे असे बघत बसलो होतो की ती शेवटी ओरडली, "काय आहे?" बायको हसली. मग मीही. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसलो.

मंगळवार, १९

दवाखान्यातूनच लिहितोय. लिहिलं नाही तर हे हात काय करतील सांगता येत नाही.

सकाळी उपाशी. रस्त्यात पावाच्या दुकानासमोरून जाताना ती म्हणाली, "इथून मुद्दाम आणलंत ना?" तिला आत सोडताना एकालाच बरोबर जाता येतं. मी चप्पल काढून तयारच होतो. भिंगरी म्हणाली, "आई येईल. बाबा बाहेर बसेल." असं, सरळ. मी चप्पल घातली.

बायको थोड्या वेळाने एकटीच बाहेर आली. पोरीने मास्क नीट लावून घेतला म्हणाली, मोज्याचा वास नाही अशी तक्रार केली आणि बोलता बोलताच झोपली. एवढं सांगून बायको माझ्या शेजारी बसली, मध्ये एक खुर्ची सोडून. मग काही वेळाने त्या मधल्या खुर्चीवर आली. दोघांनी एकच दार बघत बसायचं, याला संसार म्हणत असावेत. मी हे मोठ्याने म्हणालो. ती म्हणाली, "गप्प बस," पण उठून गेली नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. "ठरलं होतं तेवढंच केलं," त्या म्हणाल्या. "स्नायूंनी छान साथ दिली. डोळा लाल दिसेल, घाबरू नका. आणि सुरुवातीला तिला एकाचे दोन दिसतील. दिसायलाच हवेत. दोन्ही डोळे कामाला लागल्याची खूण आहे ती. हळूहळू एक होईल."

आता ती खाटेवर आहे. मघाशी जागी झाली. उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल, पापणी फुगलेली, पाणी वाहतंय. आधी आईला हाताने चाचपलं. पाणी मागितलं, घोटभर मिळालं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, एकदम. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून हसत होतो. निदान माझा तरी तसा समज होता.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दोन बाबा आलेत."

"हो गं राणी, थोडे दिवस दिसतील दोन. चालेल ना?"

भिंगरीने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, अगदी सावकाश, कोणावर अन्याय होऊ नये अशा बेताने.

"चालेल," ती म्हणाली. "पण दोघंही रडतायत."